तेल न घातलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. शाळेचा. सध्या मागच्या भिंतीला टेकून उभा असतो. एक वेल माझ्या गजांवरून खुशाल चढते आहे आणि भंगारवाला अधूनमधून मला डोळे भरून पाहून जातो.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. त्या दिवशी आग एवढी होती, की शेजारच्या गल्लीतल्या बायकांनी चूल न पेटवताच स्वयंपाक उरकला. खोटं वाटतं? वाटू द्या. पुढे एका बैलाने मला धडक दिली आणि त्याचंच वाकडं शिंग सरळ झालं, हेही तुम्हाला पटायचं नाही. पण आता सांगतो ते अक्षरन् अक्षर खरं आहे. खोटं असतं तर बरं झालं असतं.

मला शाळेच्या तोंडाशी बसवलं तेव्हापासून माझी डावी बिजागरी करकरायची. एकदा शिपाईकाका तेलाची बुधली घेऊन आले. तेवढ्यात नोकरीला नुकत्याच लागलेल्या बाई आडव्या आल्या.

"काका, तेल नको."

"अहो बाई, कान किटतात!"

"किटू देत. उशिरा कोण आलं ते मला वर्गात कळायला हवं."

"मग दाराशी छडी आणून ठेवू?"

"पाण्याचा माठ ठेवा. धावत येतात पोरं."

बाईंची आई लोकांचे कपडे शिवायची. एका खोलीचं घर आणि त्यात भावंडांचं लेंढार. शेवटचं लेकरू घरात आल्याशिवाय कडी लावायची नाही. आल्यावर आधी जेवलास का विचारायचं, रागवायचं मागून, हा त्या माउलीचा शिरस्ता. बाईंनी तोच शाळेत आणला.

मी करकरलो, की बाई हातातल्या खडूसकट बाहेर येत. आधी "जेवलास का?" आणि मग "का रे उशीर?" एक मुलगी म्हणाली, नळाला पाणी शाळेच्याच वेळेला येतं. बाई नगरपालिकेत जाऊन ठाण मांडून बसल्या आणि नळाची वेळ बदलून घेऊनच उठल्या. एकजण धाकट्या भावाला कडेवर घेऊनच आला, तर बाईंनी शाळेशेजारी पाळणाघर उघडायला लावलं. नाल्यावरचा पूलही असाच एका ओल्या चपलेतून उभा राहिला. शेवटी लोकांनीच त्यांना नगरपालिकेत निवडून दिलं. तिथेही सभेला कुणी उशिरा आला, की बाई विचारायच्या, "जेवलात का?" तो बिचारा ओशाळून ठरावाला हात वर करायचा!

सगळ्यात जास्त उशिरा येणाऱ्या एका मुलाला पोरं 'उशीरराव' म्हणत. मोठा होऊन तोच इथे शिपाई झाला. तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या. समोरच्याच घरात, रस्त्याकडच्या खिडकीशी त्यांचं अंथरूण होतं. पाय गेले, मग नजरही गेली. पण माझी करकर ऐकून त्या लेकीला सांगायच्या, "हा धापा टाकत आलाय," नाहीतर "ही रडून आलीय गं." तेवढीच त्यांची शाळा उरली होती.

मग नवे मुख्याध्यापक आले. घंटा झाली की दाराला कुलूप, असा त्यांचा हुकूम.

"आणि ही करकर बंद करा. शोभा जाते शाळेची."

"साहेब, ती करकर बाईंची..." उशीरराव चाचरला.

"बाई कधीच घरी बसल्या. तेल घाला!"

मला पोटभर तेल पाजलं. माझी वाचाच गेली. उशिरा आलेली पोरं माझे गज धरून थोडा वेळ उभी राहायची आणि परत फिरायची. त्यांच्या तळहातांचा घाम मला कळायचा. बोलता मात्र येत नव्हतं.

बाईंची लेक एकदा रस्ता ओलांडून आली. "दादा, आई विचारते, पोरं आता वेळेवर येतात का? आवाज नाही कसला."

"हो ताई. सगळी वेळेवर," उशीरराव मान खाली घालून म्हणाला.

दोन दिवसांनी ती पुन्हा आली. डोळे सुजलेले. "आई म्हणते, सगळी पोरं वेळेवर येतात असं कधी झालंय का? शाळाच बंद पडलीय आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय. कालपासून घास घेतला नाही तिने."

ती घरी पोचल्यावर उशीररावाने मूठभर वाळू माझ्या बिजागरीत कोंबली, कुलूप काढलं आणि मला जोर लावून ढकललं. मित्रांनो, मी आयुष्यात कधी करकरलो नव्हतो असा करकरलो!

खिडकीत लेक आली.

"दादा, आई म्हणते, आत घे त्याला. जेवलाय का विचार."

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उशिरा आलेली कधीच परत गेली होती. उशीररावाने माझा गज घट्ट धरला.

"जेवलो, बाई," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात बाई गेल्या. नंतर माझ्या जागी चाकांवर सरकणारा नवा दरवाजा आला. गुळगुळीत आहे, बोलत नाही. माझ्या बिजागरीत ती वाळू अजून आहे. भंगारवाल्याला वाटतं तो गंज आहे.

मित्रांनो, मला रंग लावू नका, तेलही घालू नका. फक्त दार लावायची वेळ तुमच्यावर आली, तर कडीला हात घालण्याआधी एकदा रस्त्याकडे बघा. कुणीतरी धावत येत असतं.