लवंगांच्या गावात लवंगेचा वास

बसमधून उतरलो तर थांब्यावर ही गर्दी! पन्नासेक माणसं रांगेत, आणि प्रत्येकाचा हात गालावर. थांब्याच्या बाकावर एक गृहस्थ मांडी ठोकून बसले होते. राखेच्या बटव्यात बोट बुडवायचं, दुखऱ्या दाढेवर दाबायचं, की रडत आलेला माणूस पाच मिनिटांत हसत परत. गावानं त्यांचं नाव बोटमहाराज ठेवलं होतं. दक्षिणा एकच, ओंजळभर लवंगा.

रांगेत माझी धाकटी बहीण पुढे होती.

"मागच्या जन्मीची कीड आहे, माई," महाराज तिला सांगत होते. "या जन्मीच्या डॉक्टरला ती कशी दिसणार? अकरा दिवस माझ्याकडे ये. मध्ये दुसऱ्या कुणी दाढेला हात लावला, तर मी जबाबदार नाही."

बहीण लवंगांच्या शेडमध्ये काम करते. कळ्या देठापासून खुडायच्या आणि चटयांवर वाळत घालायच्या. घरात आम्ही दोघंच. किडलेली दाढ काढायला तिला दवाखान्याची तारीख मिळाली होती, ती परवाची.

"दादा, आलास? डोळा कसा आहे?" ती माझ्याजवळ आली. "हे बघ, काही म्हणजे काही दुखत नाही. आता कशाला तो दवाखाना?"

ती बोलली आणि तिच्या तोंडातून लवंगेच्या वासाचा भपकारा आला. वाळल्या कळीचा नव्हे, तेलाचा. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी बारा दिवस शहरात होतो, म्हणून तो मला आला असावा.

"अगं, त्यांच्या बोटाला लवंगेचं तेल आहे," मी हळूच म्हणालो.

हळू म्हणालो तरी रांगेनं ऐकलं. "आजोबा, आपल्या गावात मांजरालासुद्धा लवंगेचा वास येतो!" सगळे हसले. मीही हसलो. वाचनालयात चाळीस वर्षं पुस्तकं काढून देणारा मी. शस्त्रक्रिया डोळ्याची झाली होती, नाकाबद्दल बोलायचा मला काय अधिकार? तिची पिशवी उचलून घरची वाट धरली.

दवाखान्याची तारीख गेली. चौथ्या दिवशी बहिणीचा जबडा गळ्यापर्यंत सुजला होता, अंगात ताप होता, घोट गिळवत नव्हता. तरी ती महाराजांकडेच निघाली. मी साबण, तांब्या आणि घमेलं घेऊन मागोमाग गेलो.

"महाराज, एकदा हात धुवून बोट लावता का?"

"साबणानं सिद्धी जाते, म्हाताऱ्या!"

"मग ती हातावर होती, आत नव्हती," रांगेतला ट्रकवाला म्हणाला. तो पोती न्यायला आला होता आणि त्याची दाढ ठणकत होती. "धुवा की महाराज. मला घाई नाही."

लोक बघत होते. महाराजांना हात धुवावे लागले. ट्रकवाल्यानं बटव्यातली वरवरची कोरडी राख स्वच्छ कापडावर काढून समोर धरली. त्याच्या दाढेला बोट लावून झालं. दहा मिनिटं गेली.

"ठणका तसाच आहे," तो म्हणाला. मग त्यानं बटवाच उलटा केला. राखेतून बोटभर बाटली पडली. त्यातला थेंब त्यानं स्वतःच दाढेला लावला. पाच मिनिटांनी म्हणाला, "घ्या, मीपण महाराज झालो!"

या वेळी कुणी हसलं नाही. आमच्याच लवंगा ओंजळीनं घ्यायच्या, त्यांचं तेल काढायचं आणि आम्हालाच लावायचं, एवढीच ती सिद्धी. लवंगेचं तेल दाढ तासभर बधिर करतं. आतला पू तिथेच राहतो, वाढतो, खाली उतरतो. आणि जो वास रोज नाकाशी असतो, त्याची नाक दखल घेत नाही. दुसऱ्या कुठल्याही गावानं हा महाराज तासाभरात ओळखला असता.

ट्रकवाल्यानं बहिणीला त्याच ट्रकमधून दवाखान्यात पोहोचवलं. ती वाचली. जबड्यातली नस पुवानं गेली, त्यामुळे खालच्या ओठाची उजवी बाजू मात्र कायमची बधिर झाली. चहा हनुवटीवरून ओघळतो, तिला कळत नाही. मी पुसतो. "दुखत नाही रे दादा," ती म्हणते.

दुखायचं थांबलं म्हणजे रोग गेला असं नाही. चमत्कार दाखवणाऱ्याला आधी हात धुवायला सांगा. मोठ्यानं सांगा, लोक हसले तरी सांगा. मी चार दिवस लाजलो.