बुडबुडेबाईंच्या अठ्ठावीस गोळ्या

"फाटलाय," उताणराव म्हणाले.

बाईंची नजर आधी गेली ती खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेल्या पोहण्याच्या पोशाखाकडे. नवा कोरा होता, खास या स्पर्धेसाठी घेतलेला. "अगं बाई! कुठे, शिवणीत का?"

"तो नव्हे हो." उताणरावांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "कंडोम."

दुपारचे तीन वाजले होते. परक्या देशातल्या हॉटेलच्या चौथ्या मजल्यावरची ती खोली. संघातली बाकीची मंडळी खरेदीला गेली होती, आणि टीव्हीच्या कोपऱ्याला दोन कांस्यपदकं लटकत होती. प्रौढांच्या मिश्र रिलेत सकाळी संघ तिसरा आला होता. संघ एकूण चारच होते, पण ते घरी सांगायचं नाही असं सर्वानुमते ठरलं होतं.

बुडबुडेबाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या. नगरपालिकेच्या तलावावर चोवीस वर्षं त्या लहान मुलांना पोहायला शिकवत होत्या. तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचे हा त्यांचा पहिला धडा, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. उताणराव त्रेपन्न वर्षांचे, शेजारच्या गावात पोस्टाच्या खिडकीवर बसणारे, घटस्फोटित. ते फक्त पाठीवर पोहत. दोन वर्षं सरावाला एकत्र येता येता दोघांचं जमत गेलं होतं. पण जमलंय हे कबूल करायला विमानात बसून इतक्या लांब यावं लागलं.

"बाई, एक सांगायला हवं," उताणराव छताकडे बघत म्हणाले. "घटस्फोटानंतर एकदोनदा... म्हणजे, एकटेपणात माणूस वेडेपणा करतो. नंतर कधी तपासून घेतलं नाही. भीतीच वाटली."

"एचआयव्ही म्हणताय?"

"असेलच असं नाही. पण नसेलच असंही नाही."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. तलावाच्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी प्रथमोपचाराचे वर्ग असत. कुणाला खरचटलं, रक्त लागलं तर काय करायचं, ते सगळं तिथे शिकवत. त्यात एका नर्सनं सांगितलेलं त्यांना लख्ख आठवलं: विषाणूचा संबंध आला असं वाटलं तर बहात्तर तासांच्या आत औषध सुरू करता येतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. त्या उठल्या आणि केस बांधू लागल्या.

"कुठे निघालात?"

"इस्पितळात. तुम्हीही चला."

"परवा घरी पोचतोच आहोत. तिकडे गेल्यावर बघू की. इथे भाषा येत नाही, काही नाही."

"पोर गटांगळ्या खायला लागलं तर मी म्हणते का, तास संपल्यावर बघू? शर्ट घाला."

प्रवास विम्याच्या कागदावर मदतीचा नंबर होता. बाईंनी फोन लावला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. पलीकडच्या माणसानं कुठल्या इस्पितळात जायचं ते सांगितलं, आणि "आत्ताच जा" असंही बजावलं. खाली काउंटरवर बाई रस्ता विचारत असताना उताणराव दारामागच्या कुंडीशी उभे राहिले, जणू ते या बाईंना ओळखतच नव्हते.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई बाईंच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी टेबलावर फोन ठेवून स्पीकर लावला, आणि फोनमधून चक्क आपली भाषा आली. "नमस्कार, मी दुभाषी. डॉक्टर विचारतील ते सांगेन, तुम्ही सांगाल ते त्यांना सांगेन. मधलं काही गाळणार नाही."

"गाळलं तर बरं होईल असं बरंच आहे हो," बाई म्हणाल्या, आणि दुभाषीण खुदकन हसली. मग तेही भाषांतर करून सांगितलं. डॉक्टरीणबाईही हसल्या.

प्रश्न साधेच होते. कधी झालं? दोन तासांपूर्वी. कसं झालं? ते सांगितलं. आधीचा काही आजार? नाही. रोजचं औषध? हाडांसाठी कॅल्शियमची गोळी. बोटाला टोचून रक्त घेतलं. बाईंची तपासणी निर्दोष आली, पण डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की आजच्या प्रसंगाचं उत्तर या तपासणीत नसतं, ते नंतरच कळतं. औषध अठ्ठावीस दिवस, रोज ठरावीक वेळेला, एकही दिवस न चुकता. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घ्यायची नाही, नाहीतर औषध अंगी लागत नाही. गोळ्या संपल्यावर पुन्हा रक्त तपासायचं आणि तीन महिन्यांनी शेवटचं. तोवर रक्तदान नाही आणि जपून राहायचं.

पहिली गोळी तिथेच, कागदी पेल्यातल्या पाण्याबरोबर. घड्याळात सहा वाजले होते.

फोन ठेवण्याआधी दुभाषीण हळूच म्हणाली, "ताई, हे डॉक्टरांचं नाही, माझं. लगेच आलात, फार छान केलंत."

उताणराव शेजारच्या खोलीतून बाहेर आले ते चांगल्या तासाभरानं. ओळीनं मांडलेल्या खुर्च्या सोडून ते भिंतीला टेकून उभे राहिले.

"माझ्यात दिसलंय," ते म्हणाले. "पक्कं करायला आणखी रक्त घेतलंय, पण डॉक्टर म्हणाले, बहुधा आहेच."

बाई उठून त्यांच्याजवळ गेल्या.

"माझ्यामुळे तुम्हाला..."

"तुमच्यामुळे काय? तो कंडोम काय तुम्ही घरी विणला होता?"

उताणराव हसले आणि हसता हसताच रडू लागले. बाईंनी त्यांचा हात धरला. समोरून ढकलखुर्चीतून निघालेल्या एका आजोबांनी दोघांकडे पाहून मान डोलावली. त्यांना वाटलं असावं, काही आनंदाची बातमी आहे.

"आता गोळ्या जन्मभर," उताणराव डोळे पुसत म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, रोज घेतल्या तर सगळ्यांसारखंच आयुष्य. विषाणू इतका खाली जातो की जोडीदारालाही लागत नाही. आणखी उशीर केला असता तर म्हणे पंचाईत होती."

"मग आपण दोघंही वेळेत आलो," बाई म्हणाल्या. "चला, भूक लागलीय मला."

घरी बाई आणि सासूबाई दोघीच राहत. लेक नोकरीला दुसऱ्या शहरात. सासूबाई शहात्तर वर्षांच्या, गुडघे कुरकुरणारे, कान मात्र शाबूत आणि नाक त्याहून तिखट. बाईंना पहिले काही दिवस मळमळत होतं. घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी समोरचं अंडं त्यांनी तसंच बाजूला सारलं, तेव्हा सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"परदेशातून दिवस राहून आलीस की काय?"

"आई! या वयात?"

"वयाचं सांगू नकोस. रोज सहाला पाठ फिरवून गोळी घेतेस, मला दिसत नाही का?"

सांगायला बाईंनी दोन दिवस मागून घेतले. त्या संध्याकाळी फोनवर उताणरावांना विचारलं, "आईंना सांगू का? तुमची हरकत असेल तर तुमचं गाळून सांगते." पलीकडून उत्तर आलं, "सगळं सांगा. अर्धवट टपाल पोचवू नये."

बाईंनी सगळं सांगितलं. सासूबाई शेंगा सोलत होत्या, त्या सोलतच राहिल्या. शेवटच्या शेंगेतले दाणे ताटलीत पडले तेव्हा त्यांनी विचारलं, "माणूस कसा आहे?"

"चांगला आहे. पाठीवर पोहतो."

"म्हणजे पुढे काय आहे ते न बघताच जातो?"

"वर बघून अंदाज घेतो, आई."

"घेतला ना मग अंदाज!" सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. बाई पाणी घेऊन धावल्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी बाईंचं मनगट धरलं ते सोडलं नाही. "माझा मुलगा गेला तेव्हा मला वाटलं होतं, तू वर्षभरात निघून जाशील. नाही गेलीस. मी कधी म्हटलं नाही, पण मी ते विसरलेले नाही. कॅल्शियमची डबी इकडे दे. ती सकाळी मी देत जाईन. आणि तुझ्या त्या गोळीची वेळ चुकली तर माझ्याशी गाठ आहे."

तेव्हापासून संध्याकाळी सहाला दोन आवाज ठरलेले. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा "वाजले!" आणि मग फोनवर उताणरावांचा "घेतली?"

"घेतली. तुम्ही?"

"घेतली."

उताणरावांच्या रक्ताचा पक्का अहवाल आला होता आणि त्यांचं औषध गावच्या सरकारी दवाखान्यात सुरू झालं होतं. फोनवर ते पोस्टातल्या गमती सांगत. कुणी पाकिटावर पत्त्याऐवजी "समोरचं पिवळं घर" एवढंच लिहिलं होतं, आणि ते पोचलंही होतं.

मग सोळाव्या दिवशी फोन आला नाही. सतराव्या दिवशीही नाही. बाईंनी केला तर उचलला नाही. एकोणिसाव्या दिवशी बाईंनी सकाळचा वर्ग सोबतच्या शिक्षकाकडे सोपवला आणि बस पकडून शेजारचं गाव गाठलं. पोस्टाच्या खिडकीपुढे सात माणसं होती. बाई रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आला तेव्हा उताणराव मान खाली घालून शिक्के मारत होते.

"तक्रार आहे," बाई म्हणाल्या.

उताणरावांच्या हातातला शिक्का हवेतच राहिला.

"रोज संध्याकाळी सहाला येणारं माझं टपाल तीन दिवस आलं नाही."

उताणरावांनी मागच्या रांगेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्या टपालाला वाटलं, आपल्यापायी समोरच्याला फार मनस्ताप झाला. निदान तुमचा शेवटचा अहवाल येईपर्यंत लांब राहावं."

"टपालाला कुणी विचारलं होतं का?"

"नाही."

"पत्ता बदललेला नाही, असं लिहून घ्या."

"अहो ताई," मागचे एक आजोबा वैतागले, "तक्रार लेखी द्या ना. आम्हालाही कामं आहेत."

"तोंडीच पुरे, आजोबा. साहेब समजूतदार आहेत." बाईंनी एक पाकीट विकत घेतलं. निघता निघता विचारलं, "पोहायला जाता ना?"

उताणरावांनी नकारार्थी मान हलवली. "तलावात बाकीची माणसं असतात हो."

"पाण्यातून लागत नाही ते. माहीत नाही का तुम्हाला?"

"डोक्याला माहीत आहे," ते म्हणाले. "पाय उतरत नाहीत."

परतीच्या बसमध्ये बाई सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत बसल्या. चोवीस वर्षांत त्यांनी शेकडो घाबरट पोरांना पाण्यात उतरवलं होतं. त्यातल्या एकालाही पाणी आपल्यामुळे खराब होईल अशी भीती नव्हती.

त्या संध्याकाळी फोन वेळेवर आला.

अठ्ठाविसावी गोळी घेतली त्या दिवशी सासूबाईंनी रिकामी डबी धुऊन तिच्यात सुया ठेवल्या. पुढच्या रक्ततपासणीत काही निघालं नाही. तीन महिन्यांनी शेवटच्या तपासणीचा कागद आला तो बाईंनी तलावाच्या कचेरीतच उघडला, आणि तशाच, अंगावरच्या कपड्यांनिशी, खोल बाजूला उडी मारली. वर आल्या तर काठावर सव्वीस मुलं तोंडं उघडी टाकून उभी. "कपड्यांसकट पोहायचा सराव," बाईंनी दम खात सांगितलं. "तुम्हाला पुढच्या वर्षी." मग ओल्या हातानंच उताणरावांना फोन लावला. पलीकडून फक्त शिक्क्याचे ठोके ऐकू आले, धाड धाड धाड, एकामागून एक, लग्नाची वरात निघावी तसे. उताणरावांचा विषाणू औषधानं पार तळाला गेला होता. ते त्यांनी शेवटी, लाजत सांगितलं.

पुढच्या रविवारी बाईंनी त्यांना तलावावर बोलावलं. सासूबाईही हट्टानं आल्या. सकाळची वेळ, पालकांची गर्दी. उताणराव पोहण्याच्या चड्डीत, खांद्यावर टॉवेल घेऊन काठाशी उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाई पाण्यातून बघत होत्या, पण त्यांनी हाक मारली नाही. पाण्यात उतरलेल्या एका मुलीनं ओरडून विचारलं, "काका, तुम्हाला येत नाही का?"

"येतं गं," उताणराव म्हणाले. पण हलले नाहीत.

तेवढ्यात सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठल्या. काठीच्या आधारानं उताणरावांच्या शेजारी आल्या आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "हात द्या जरा. गुडघे वाकत नाहीत माझे."

उताणरावांनी हात दिला. तो घट्ट धरून त्या हळूहळू ओल्या काठावर बसल्या, कपडे घोट्यांच्या वर ओढून घेतले आणि दोन्ही पावलं पाण्यात सोडली.

"गार आहे," त्या म्हणाल्या. "उतरा आता, किती वेळ उभे राहणार? मला बघायचंय हे उलटं पोहणं."

उताणराव पाण्यात उतरले. पाठीवर झाले, आणि एक एक हात मागे टाकत त्या टोकाकडे निघाले. त्यांच्या अंगावरून आलेली लहानशी लाट काठापर्यंत पोचली आणि सासूबाईंच्या पिंढऱ्या भिजवून गेली. त्यांनी कपडे आणखी थोडे वर घेतले आणि पाय तिथेच राहू दिले.