एका वरच्या कवळीचा विमानप्रवास

मित्रांनो, मी एक जुनी कवळी आहे. वरची. वरची म्हणजे पदाने नव्हे, जागेने. खालचे दात माझ्या मालकांचे स्वतःचे होते आणि त्यांनी मला कधी आपलं मानलं नाही. घरमालक भाडेकरूशी वागतो तसे ते माझ्याशी वागत. रोज भेटायचे, रोज आपटायचे, पण आपुलकीचा एक शब्द नाही.

माझा जन्म दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत झाला. तिथल्या कारागिराने मालकांच्या जबड्याच्या ठशात प्लॅस्टर ओतलं, त्यावर मेण चढवलं, एकेक दात रांगेत बसवला आणि तो डबा खायला निघून गेला. जन्माचा सोहळा एवढाच. माझ्या शेजारी ठेवलेली कवळी कोणा बड्या वकिलाची होती. मला मात्र शाळेतल्या खेळाच्या सरांकडे जायचं होतं. हे कळल्यावर मी जरा खट्टू झाले.

पण सर भले माणूस निघाले. सगळी शाळा त्यांना शिट्टी सर म्हणायची. ती शिट्टी दातांत धरण्याचं काम माझं. मैदानाच्या पार टोकाला एखादा मुलगा झाडाला टेकून आराम करत असेल, तर तो माझ्यामुळे पळायला लागायचा. नाव मात्र शिट्टीचं व्हायचं. मी ते मनाला लावून घेतलं नाही. कवळीला मन असतं का, असं तुम्ही विचाराल. कवळीला टाळू असते, तिच्यावर भागवावं लागतं.

पुढे सर निवृत्त झाले. त्यांची पत्नी वारली, मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. घरात बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून मला भरपूर आराम मिळाला. तो आराम मला आवडला नाही.

मग एक दिवस सर पँटची उंची कमी करून घ्यायला कोपऱ्यावरच्या शिवणक्लासात गेले. क्लास चालवणाऱ्या बाई एकट्याच राहत. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि तशातही त्या अखंड बोलत. त्यांनी काहीतरी विनोद केला, सर हसले, आणि बाईंनी ओठांतल्या टाचण्या काढून म्हटलं, "सर, या वयात दात काय छान ठेवलेत हो तुम्ही."

सर म्हणाले, "थँक्यू."

मित्रांनो, सगळं बिघडलं ते इथे. त्याच वेळी "अहो, हे बसवलेले आहेत" असं म्हणाले असते, तर विषय तिथेच संपला असता. पण एकदा थँक्यू म्हटल्यावर ते परत कसं घेणार? मग पँटनंतर शर्ट झाला, शर्टनंतर चहा झाला आणि चहानंतर सरळ लग्नच झालं. एवढा सगळा संसार त्या एका थँक्यूवर उभा होता, आणि त्याच्या पायात मी.

लग्नानंतर सर मला तोंडात ठेवूनच झोपू लागले. डेंटिस्टने बजावलं होतं की रात्री हिला पाण्यात ठेवत जा, पण ते पाणी बाईंना दिसलं असतं ना! सकाळी न्हाणीघराची कडी लावून, नळ मोठा सोडून, चोरासारखं ते मला धुवायचे. हे फार पाणी वापरतात, एवढंच बाईंना वाटायचं. मला मात्र तेव्हापासून स्वतःची लाज वाटायला लागली. चांगलं काम करूनही ज्याला दाराआड धुतलं जातं, त्याला दुसरं काय वाटणार?

लग्नानंतरच्या सहलीला कुठे जायचं हे बाईंनी ठरवलं. मुलीने जवळचं थंड हवेचं ठिकाण सुचवलं होतं. बाई म्हणाल्या, थंड हवा पंख्याखालीही मिळते, मला आफ्रिकेत जाऊन मोकळा जिराफ बघायचा आहे. एवढ्या लांब मानेला कॉलर कशी बेतावी, हा विचार त्या लहानपणापासून करत होत्या. मुलीने हसून तिकिटं काढून दिली.

विमानतळावर पहिलाच घाव बसला. मला घट्ट बसवणारी पेस्ट सरांनी हातातल्या बॅगेत ठेवली होती. ट्यूब नियमापेक्षा मोठी निघाली आणि तपासणीवाल्याने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. काय होतं हो ते, असं बाईंनी विचारलं. सर म्हणाले, टूथपेस्ट. एवढ्याशा टूथपेस्टसाठी हा माणूस डब्यात वाकून का बघतोय, हे बाईंना समजेना.

विमान उशिरा सुटलं. सर खेळाचे शिक्षक. मानेखालची हवेची उशी त्यांनी एका दमात फुगवायला घेतली. उशी फुगली, पण त्या दमात मी सैल झाले. मग जेवण आलं. त्यातला पाव इतका कडक होता की तो विमानाचाच सुटा भाग असावा. सरांनी चावा घेतला. पाव जागचा हलला नाही, मी हलले. तोंडावर रुमाल दाबून सर उठले आणि विमानाच्या त्या काडेपेटीएवढ्या संडासात शिरले. मला काढून त्यांनी बेसिनवर धरलं, नीट बसवायला म्हणून. तेवढ्यात विमानाने हवेत असा काही गचका खाल्ला की मी त्यांच्या हातातून सुटले आणि स्टीलच्या बेसिनवर आपटले.

मी मधोमध तुटले. एका बाजूला सात दात, दुसऱ्या बाजूला सात. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच दुसऱ्या बाजूकडे बघितलं. बरी दिसत होती.

सरांनी मला कागदी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि ते जागेवर येऊन बसले. त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही. मी खिशात होते, त्यामुळे त्यांचं काळीज कसं धडधडत होतं ते मला चांगलं ऐकू येत होतं.

बाई आपल्या नेहमीसारख्या बोलत होत्या. खाली ढग कसे कापसासारखे दिसतात, गादीवाल्याला दाखवायला हवेत, वगैरे. सर नुसते हं म्हणायचे. बाईंनी जिराफाबद्दल विचारलं, सर हं. बरं नाही का वाटत, सर मान हलवायचे. हळूहळू बाईंचं बोलणं विरळ झालं. मग त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "आधीच्या बाईंची आठवण येतेय का? त्यांना घेऊन यायला हवं होतं, असं वाटतंय?"

सरांना प्रश्न नीट ऐकूच आला नव्हता. कान विमानात बंद, तोंड माझ्यामुळे बंद. त्यांनी आपली मान हलवली. वर आणि खाली.

"साहजिक आहे," बाई म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

मित्रांनो, मला त्या खिशात मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुकतंच लग्न झालेली एक बाई समजून चालली होती की नवऱ्याला पश्चात्ताप होतोय. आणि नवऱ्याला झालं काय होतं, तर मी.

मधल्या विमानतळावर पोचलो तेव्हा पुढचं विमान निघून गेलेलं. काउंटरवरच्या मुलीने दुसऱ्या विमानात जागा करून दिली आणि थांबायला सांगितलं. लोखंडी खुर्च्यांवर दोघं शेजारी बसली, मधे बाईंची पर्स. बाई बराच वेळ पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या.

"सर, एक बोलू?" त्या शेवटी म्हणाल्या. "अजून अर्धाच रस्ता झालाय. तुम्हाला परत फिरायचं असेल तर इथूनच फिरू. मी रागावणार नाही. मुलीला काय सांगायचं ते मी बघते. आपण घाईच केली असेल."

सर पुढे झुकले. आता हा माणूस बोलणार, असं मला वाटलं. एक वाक्य पुरे होतं. पण त्यांनी रुमाल आणखी घट्ट दाबला आणि डोकं नाही नाही असं हलवलं. त्या नाहीचा अर्थ परत फिरायचं नाही असा होता, की तुमच्याशी बोलायचं नाही असा होता, हे बाईंना कसं कळावं? त्यांनी पर्स उचलून मांडीवर घेतली.

आणि मग पुन्हा तपासणी आली. खिसे रिकामे करा, अशी खूण करून हातमोजे घातलेल्या माणसाने ट्रे पुढे केला. सरांनी किल्ल्या टाकल्या, कंगवा टाकला, तोंडावरचा रुमालही टाकला. माणसाने शर्टाच्या खिशाकडे बोट केलं. सरांनी तो खिसाच नाही असा चेहरा केला. माणसाने पुन्हा बोट केलं. शेवटी मी ट्रेमध्ये पडले, कागदी रुमाल सुटला, आणि पट्ट्यावरून डुलत डुलत मी यंत्रात गेले. आतून माझे फोटो निघाले. लग्नातही निघाले नसतील इतके नीट.

पलीकडे माणसाने मला उचललं. एका हातात डावी बाजू, दुसऱ्या हातात उजवी. हात उंच करून त्याने काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही तरी प्रश्न सगळ्या रांगेला कळला. हे कोणाचं?

सर म्हणाले, माझं नाही. म्हणजे तोंडाने नाही, मानेने. एवढ्यावर ते थांबले नाहीत. ते मागे वळले आणि रांगेतल्या लोकांकडे अशा नजरेने बघू लागले, की बुवा, कोणाची असेल बरं ही?

इतकी वर्षं मी या माणसाच्या तोंडात राहिले. त्याचा घास चावला, त्याची शिट्टी धरली. आणि भर रांगेत त्याने मला ओळख दाखवली नाही. मला राग आला नाही. मला लाज वाटली. कोणाला तरी नाकारावीशी वाटावी, अशी मी आहे याची.

बाई सरांच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग सरांच्या चेहऱ्याकडे. रुमाल आता ट्रेमध्ये गेलेला, त्यामुळे चेहरा उघडा होता. ज्या नजरेने त्या बेतलेलं कापड बघतात, त्या नजरेने त्यांनी सरांचा वरचा ओठ बघितला. एका ठिकाणी फारच आत घेतला गेला होता.

बाई पुढे झाल्या. छातीवर हात ठेवून चक्क मराठीत म्हणाल्या, "माझी आहे."

हातमोजेवाल्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. बाईंनी त्याला छान हसून दाखवलं. सगळे दात जागेवर. ज्या बाईला पूर्ण बत्तीशी असूनही आणखी चौदा दात हवेत, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, असं त्याला वाटलं असावं. त्याने मुकाट्याने मला त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

पलीकडच्या बाकावर सर बूट घालत होते. बाई शेजारी बसल्या.

"म्हणजे एवढंच होतं?"

सरांनी मान डोलावली.

"आधीच्या बाईंची आठवण नाही?"

सरांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. शब्द ओले आणि मऊ येत होते, पण कळत होते. "आहे. ती रोजच असते. तिच्यासाठी तोंड बंद ठेवावं लागत नाही."

बाईंनी डोळे पुसले आणि मग त्या कडाडल्या. "खिडकीकडे तोंड करून मी रडले, ते या प्लॅस्टिकपायी?"

मी प्लॅस्टिक नाही, ॲक्रिलिक आहे. पण ती वेळ नव्हती.

"मला लाज वाटली हो," सर म्हणाले.

"आणि मला नाही वाटली? चारचौघांत दुसऱ्याचे दात माझे म्हणून सांगितले मी."

पुढच्या विमानात मी बाईंच्या पर्समध्ये होते, टेप आणि रिळांच्या सोबतीला. आता बाई गप्प होत्या आणि सर बोलत होते. थँक्यूपासून नळापर्यंत सगळं त्यांनी सांगितलं. त, थ, द, ध यांचे फार हाल झाले, पण ते थांबले नाहीत. बाई मधूनच हं म्हणत होत्या. त्यांनी माफ केलं की नाही, हे पर्समधून कळायला मार्ग नव्हता.

आफ्रिकेत आम्ही उतरलो, आमच्या बॅगा उतरल्या नाहीत. त्या दुसऱ्याच कुठल्या देशात फिरायला गेल्या होत्या. जंगलाजवळच्या तंबूत पोचल्यावर बाईंनी एक ग्लास पाणी मागवलं, त्यात मला सोडलं आणि तो ग्लास तंबूबाहेरच्या टेबलावर ठेवला. सर म्हणाले, आत ठेवू या, लोक बघतील. बाई म्हणाल्या, "बघू देत." त्यांच्या आवाजात अजून धार होती. सर ग्लासाकडे पाठ करून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पाहुणे अंगणात नाश्त्याला जमले असताना झाडावरून एक माकड उतरलं. शांतपणे टेबलावर बसून त्याने ग्लासातलं पाणी प्यायलं आणि माझी उजवी बाजू उचलली. उलटसुलट बघितली आणि तोंडात घातली. त्याला ती बरी बसली, हे मला कबूल करावं लागेल. मग माकड सगळ्यांकडे बघून हसलं. पाहुण्यांनी कॅमेरे काढले. गाइडने घाबरून विचारलं, हे कोणाचं आहे?

सरांची मान खाली गेली. बाई त्यांच्याकडे बघत होत्या आणि या खेपेला त्या काही बोलणार नव्हत्या.

मग सर उठले. मैदानाच्या पार टोकाला जाणारा तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला, आणि तोही माझ्याशिवाय.

"ए! माझे दात आहेत ते! माझे आहेत!"

आख्खं अंगण वळून बघू लागलं. सर अनवाणी माकडामागे धावले, वरचं बोळकं उघडं टाकून, हात हलवत. माकड झाडावर चढलं, तिथून दुसऱ्या झाडावर, आणि माझी उजवी बाजू कायमची गेली. सर धापा टाकत परत आले. बाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

"अहो, बसा आता," त्या म्हणाल्या. "केळं कुस्करून ठेवलंय."

मित्रांनो, आता सरांच्या तोंडात नवी कवळी आहे. ती रात्री उघड्यावर, दोघांच्या चष्म्यांशेजारी, पाण्यात झोपते. मी, म्हणजे माझी डावी बाजू, आरशाखालच्या फळीवर असते. तुमच्या घरी कोणाची कवळी असेल तर तिला गरम पाण्यात टाकू नका, ती वाकडी होते. मऊ ब्रशने घासा, आणि दार उघडं ठेवून घासा. बंद दाराआड धुतलं गेलं की आम्हाला आपण काहीतरी वाईट आहोत असं वाटू लागतं. तिकडच्या जंगलात कधी गेलात आणि एखादं माकड एकाच बाजूने हसताना दिसलं, तर लोक विचारतील हे कोणाचं. तेव्हा वर आभाळाकडे बघत बसू नका. शिट्टी सरांचं आहे, म्हणून मोठ्याने सांगा.