मालकीणबाईंची रजा

आसावरीच्या पायांवर सूज दिसायला लागली, तेव्हा श्यामकांतांना हॉलंडातल्या आल्मेरेत येऊन तीन महिने होत आले होते, आणि मुलीच्या घरात आपला नेमका उपयोग काय हे त्यांना अजून उमगलं नव्हतं.

बेत तसा साधा होता. मार्चच्या सुरुवातीला श्यामकांतांनी यायचं, थोडं हिंडायचं-फिरायचं, आणि मे महिन्यात सुरेखाताईंनी डिंक, खारीक, अळीव, बाळंतशोपा असं सगळं बांधून मागोमाग यायचं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. मुलीला येणं जमत नसेल तर माहेरानं उठून मुलीकडे जायचं, एवढाच काय तो फरक. पण श्यामकांत पोचले आणि दोनच आठवड्यांत जगाची दारं बंद झाली. जिला बाळंतपणातलं सगळं कळतं ती नाशकात अडकली, आणि ज्याला काडीचंही कळत नाही तो हॉलंडात. सुरेखाताई व्हिडिओ कॉलवर म्हणायच्या, देवानं पार्सल चुकीचं पाठवलं.

श्यामकांतांना ते पटायचं. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेली. हळू बोलायची सवय अंगात इतकी मुरलेली की घरी भांडतानासुद्धा त्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जात नसे. बोलायला सुरुवात करताना ते म्हणायचे, "पुस्तकात असं दिलंय बुवा," आणि संपवताना म्हणायचे, "अर्थात माझा समज चुकीचाही असेल." इथे आल्यावर तर बोलण्याचा प्रसंगच कमी. जावई निहारराव कंपनीच्या ब्रेडा शहरातल्या ऑफिसचं काम झोपायच्या खोलीत बसून करायचे. आसावरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसायची. छोट्या दुकानांसाठी ती वेष्टनांची, लेबलांची चित्रं काढून द्यायची. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली मुलगी, पण दीड वर्षापूर्वी तिनं स्वतःच्या नावानं धंदा नोंदवला होता, आणि कोरोनात जो तो ऑनलाइन दुकान थाटायला निघाल्यामुळे कामाला तोटा नव्हता. तोटा होता तो तिच्या झोपेला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बाळ येणार होतं. जून लागला तसा तिचा रक्तदाब वर जाऊ लागला. सुईण तिला दर भेटीत बजावायची, आता काम थांबव. आसावरी मान डोलवायची आणि घरी येऊन टेबलाशी बसायची.

सुईण हा शब्द श्यामकांतांचा. पोरीला डॉक्टर तपासत नाही, सायकलवरून हिंडणारी एक उंच बाई तपासते, हे ऐकून त्यांचा आधी जीव घाबरा झाला होता. आपल्याकडे आजीच्या काळात संपलेली सुईण इथे रीतसर चार वर्षं शिकून, पाटी लावून बसलेली होती. तिचं नाव आनेके. तिनं आसावरीला एक इंग्रजी माहितीपत्रक दिलं होतं. ते आसावरीनं फ्रिजवर ठेवलं आणि श्यामकांतांनी अर्थातच वाचलं. त्यात लिहिलं होतं की नोकरी करणाऱ्या बाईला बाळंतपणाची भरपगारी रजा मिळतेच, पण जी स्वतःचा धंदा करते तिलाही सरकार निदान सोळा आठवडे घर चालवायला पैसे देतं. अर्ज मात्र रजा सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी पोचायला हवा.

श्यामकांतांनी तो परिच्छेद तीनदा वाचला. स्वतःच्या दुकानाच्या मालकिणीला रजा कोण देणार? आपला समज चुकीचा असणार असं वाटून त्यांनी चौथ्यांदा वाचला, आणि मग दबकत तो आसावरीपुढे ठेवला.

"माहीत आहे मला, बाबा," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं ते असं. ब्रेडाच्या ऑफिसातल्या प्रतीकनं निहारला सांगितलं होतं की सरकारचे पैसे एकदा घेतले की आपल्या फाइलवर ठिपका पडतो. येत्या हिवाळ्यात त्यांची पाच वर्षं भरत होती, कायम राहण्याचा परवाना मागायचा होता. त्या वेळी साहेब विचारणार, तुम्ही सरकारवर बोजा झालात का? चार महिन्यांच्या आरामासाठी आयुष्यभराचं घर पणाला लावायचं नाही, असं नवरा-बायकोनं ठरवून टाकलं होतं. निहाररावांना खरं तर तिनं थांबावं असं वाटत होतं, पण भीती त्यांनीच घरात आणलेली, त्यामुळे त्यांना काही बोलता येत नव्हतं.

"आणि हे कुणाशी बोलायचं नाही," आसावरी म्हणाली. "आईशी तर मुळीच नाही. शपथ घ्या."

श्यामकांतांनी होकारार्थी मान हलवली. मग, फार हळू, ते म्हणाले की त्यांचा स्वतःचा व्हिसा संपत आला तेव्हा निहाररावांनी ह्याच परवान्याच्या ऑफिसला फोन केला होता आणि त्या लोकांनी निमूट मुदत वाढवून दिली होती; ती माणसं तशी वाईट वाटत नाहीत. अर्थात आपला समज चुकीचाही असेल. तिचा फोन वाजत होता. कुठल्याशा मधवाल्याला लेबल उद्याच हवं होतं.

पुढच्या तपासणीला ते तिच्याबरोबर चालत गेले. आत फक्त गरोदर बाईनं जायचं, बरोबरच्यानं बाहेर थांबायचं, असा त्या दिवसांतला नियम. इमारतीच्या खिडकीखाली एक बाक होता, त्यावर ते बसून राहिले. आसावरी बाहेर आली ती चेहरा ओढून. रक्तदाब आणखी चढला होता. असाच चढत गेला तर हॉस्पिटलात ठेवावं लागेल, असं आनेके म्हणाली होती. आसावरी एवढंच सांगून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली.

प्रत्येक बाई तपासून गेली की आनेके खुर्ची पुसायची आणि खोलीत वारं खेळावं म्हणून खिडकी सताड उघडायची. तशी ती उघडली. खाली बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याला पाहून तिनं हात हलवला आणि ती वळली.

श्यामकांत उठून उभे राहिले. शपथ मोडणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं आणि परक्या बाईशी आपणहून बोलणं तर त्याहून नाही. ते इंग्रजीत म्हणाले, माझ्या मुलीबद्दल काही सांगायचं होतं. आनेकेला ऐकू गेलं नाही. ती खिडकीशी आली, पण दीड मीटरचं अंतर राखून उभी राहिली, आणि रस्त्यावर वारा सुटलेला. काय म्हणालात? त्यांनी पुन्हा सांगितलं. तिनं कानामागे हात धरला.

"माझी मुलगी काम थांबवत नाही, कारण ती तुमच्या सरकारला घाबरते," श्यामकांत म्हणाले, आणि ह्या खेपेला आवाज असा निघाला की पलीकडच्या फुटपाथवरून बाबागाडी ढकलत चाललेली बाई थांबून बघू लागली.

मग सगळंच बाहेर आलं. ठिपका, परवाना, प्रतीक, मधाची लेबलं. आनेके खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकून ऐकत राहिली. हसली नाही. आसावरी औषधांची पिशवी घेऊन परत आली तर वडील खिडकीखाली आणि सुईण खिडकीत, दोघंही तिच्याकडे बघताहेत. तिला काय ते कळलं.

आनेकेनं तिला बाकावर बसायला सांगितलं आणि विचारलं, "तुझ्या धंद्यात किती माणसं काम करतात?"

"मी एकटीच."

"म्हणजे तू एका गरोदर बाईला कामावर ठेवलं आहेस. या देशात शेवटचे चार आठवडे कुठल्याही मालकानं बाईकडून काम करून घेणं हा गुन्हा आहे. तुझा मालक दुसरा कुणी असता तर मी आज त्याची तक्रार केली असती. आता मालकीणच तू आहेस, तर तुझं काय करू?"

परवान्यातलं आपल्याला कळत नाही, असं आनेकेनं सरळ सांगितलं. ज्यांना कळतं त्यांनाच विचारा, ब्रेडातल्या मित्राला नको. पण या खोलीत तुझ्या देशातल्या कितीतरी जणी बसून गेल्यात, रजाही घेऊन गेल्यात, आणि त्यांतल्या काहींची मुलं आता इथल्या शाळेत जातात. मग तिनं बाळ कधी अपेक्षित आहे त्याचा दाखला लिहिला आणि हात लांब करून खिडकीतून दिला.

परतीच्या वाटेवर कालव्याच्या कडेनं आसावरी पुढे आणि श्यामकांत दोन पावलं मागे. पुलावर ती थांबली.

"शपथ घेतली होती तुम्ही. घरातली गोष्ट मी मैत्रिणींनासुद्धा सांगत नाही, आणि तुम्ही भर रस्त्यात ओरडलात."

"ओरडलो नाही गं," श्यामकांत म्हणाले. "तिला ऐकू येत नव्हतं."

आसावरीनं रागानं मागे वळून पाहिलं, आणि तिला हसू फुटलं. उभ्या जन्मात आपल्या वडिलांचं बोलणं कुणाला ऐकू गेलंय, असं म्हणत ती कठड्याला धरून हसत राहिली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. श्यामकांतांनी रुमाल पुढे केला. दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निहाररावांनी परवान्याच्या ऑफिसला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. बराच वेळ नुसतं संगीत वाजत राहिलं. मग एक बाई आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुम्ही म्हणता ती गरिबांसाठीची मदत वेगळी, काम करणाऱ्या बाईचं हे बाळंतपणाचं देणं वेगळं. यानं परवान्यावर काही परिणाम होत नाही. श्यामकांतांनी खुणेनं सुचवलं, पुन्हा विचारा. निहाररावांनी कानकोंडं होत पुन्हा विचारलं. बाईनं तेच, त्याच सुरात, पुन्हा सांगितलं, आणि वर म्हणाली, "तुमच्या बाळासाठी अभिनंदन."

निहाररावांनी फोन ठेवला. श्यामकांतांना सरकारी ऑफिसनं आजवर अनेक गोष्टी सांगितल्या होत्या. अभिनंदन कधी केलं नव्हतं.

अर्ज त्याच दुपारी भरला. श्यामकांतांनी सवयीनं आसावरीच्या पासपोर्टच्या झेरॉक्स, लग्नाचा दाखला, फोटो असं सगळं एका फाइलीत लावून आणून ठेवलं. कुणी काही मागितलं नाही. आसावरीनं पडद्यावर धंद्याचा नंबर घातला, बाळाची अपेक्षित तारीख घातली, रजा कधीपासून हवी ते लिहिलं, आणि बटण दाबलं. गॅसवरचा चहा उतू जायच्या आत काम झालं.

"एवढंच?" श्यामकांतांनी विचारलं. "साक्षांकित प्रत? शिक्का?"

"एवढंच, बाबा."

ते खुर्चीत बसले. पेन्शन चालू राहावं म्हणून ते दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला देत. समोर उभा असलेला माणूस जिवंत आहे यावर तिथे सहीशिवाय विश्वास बसत नसे, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. आणि इथे जो जीव अजून जन्मलाच नाही, ज्याला कुणी पाहिलं नाही, त्याच्यावर एका सुईणीच्या शब्दाखातर अख्ख्या राज्यानं विश्वास ठेवला होता. त्याच्या येण्याआधीच त्याच्या आईला घरी बसवायची तजवीज केली होती. कुणी बरं पहिल्यांदा असं ठरवलं असेल? कुठल्या तरी ऑफिसात, कुठल्या तरी टेबलाशी बसून कुणाला तरी हे सुचलं असणार, की न जन्मलेल्या माणसाचंही आपण काही देणं लागतो. श्यामकांतांना एकदम देवळात शिरल्यावर वाटतं तसं काहीतरी वाटलं, आणि मग ऑनलाइन अर्जापुढे असं वाटून घेणं बरोबर की नाही, अशी शंकाही आली.

संध्याकाळी त्यांनी सुरेखाताईंना सगळं सांगितलं. आधी त्या रागावल्या, पोरीचा रक्तदाब चढल्याचं लपवलं म्हणून. मग राग ओसरला.

"म्हणजे माझी जागा सरकारनं घेतली म्हणायची," त्या म्हणाल्या. "घेऊ दे. पण अहो, डिंकाचे लाडू कोण वळणार ते विचारलंत का त्यांना?"

ते त्यांच्या हद्दीत येत नसावं, असं श्यामकांत म्हणाले.

मंजुरी आठवड्याभरात आली. आसावरीनं गिऱ्हाइकांना एकेक करून कळवलं. मधवाल्यानं उलट टपाली शुभेच्छा पाठवल्या आणि चार महिने जुनंच लेबल चालवतो म्हणाला. हे पाहून निहाररावांनाही धीर आला. जुलैपासून नवीन कायदा लागू होत होता, बापालाही पाच आठवडे मिळणार होते. त्यांनी साहेबांना विचारलं आणि साहेबांनी कॅलेंडरवर खूण करून टाकली. श्यामकांतांनी त्यांना विचारलं, पाच आठवडे तुम्ही काय करणार? निहारराव म्हणाले, "आईंकडून फोनवर आंघोळ घालायला शिकणार."

रजेच्या पहिल्या दिवशी आसावरी सवयीनं लवकर उठली. टेबलाशी जाऊन बसली. लॅपटॉप आदल्या रात्रीच कपाटात गेला होता, त्यामुळे नुसतीच बसली. अकराच्या सुमारास फोन वाजला. श्यामकांत स्वयंपाकघरात भारतीय दुकानातून मागवलेला डिंक तळत होते. तो फुलण्याऐवजी करपत होता. त्यांनी गॅस बारीक केला आणि कान दिला.

"मी रजेवर आहे," आसावरी इंग्रजीत म्हणाली. पलीकडचा काहीतरी बोलला असावा. "नाही. नोव्हेंबरात बोलू या."

मग बराच वेळ काही आवाज नाही. श्यामकांत हात पुसत बाहेर आले. ती दिवाणावर कुशीवर झोपली होती, भर दिवसा, तोंड थोडं उघडं टाकून. ती अशी झोपलेली त्यांनी तिच्या शाळेच्या परीक्षांनंतर पाहिली नव्हती. पायांवर ऊन येत होतं. पडदा ओढावा म्हणून ते पुढे झाले, आणि थांबले.

तिच्या अंगावरच्या पातळ ओढणीखाली पोटावर एक उंचवटा आला. लहानसा, टाचेएवढा. तो सावकाश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकला, मध्ये थांबला, आणि परत फिरला. आसावरीला जाग आली नाही.

बापानं मुलीच्या पोटाकडे असं बघू नये, हे श्यामकांतांना ठाऊक होतं. त्यांनी मान वळवायला हवी होती. पण ते पडद्याची दोरी हातात धरून तसेच उभे राहिले, श्वास रोखून, आणि तो जीव पुन्हा हलेपर्यंत त्यांनी नजर काढली नाही.