अर्ध्या फेऱ्याची मोकळीक

बाबांनी पन्नास वर्षं लोकांची घरं शाकारली. पावसाआधी कौलं उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, बाकीची पुन्हा रचायची. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाने पत्र्याच्या छपरांचं काम शिकून घेतलं, तेव्हा त्याने कौलांवर सवत आणून बसवावी तसा त्यांनी अबोला धरला.

अबोला सुटला आणि भांडण सुरू झालं.

"कौल शंभर वर्षं टिकतं," बाबा म्हणायचे.

"टिकतं, पण दरवर्षी तुम्ही वर चढता म्हणून," धाकटा म्हणायचा.

दोघांचंही खरं होतं, म्हणून ते संपता संपत नव्हतं. शेवटी मीच मधे पडले. माझ्या घराच्या छपराचे वासे किडलेच होते. म्हटलं, करा काय प्रयोग करायचे ते माझ्या डोक्यावर. बाबांनी अट घातली. एक पावसाळा थेंब न गळता गेला, तर धंदा धाकट्याच्या हाती, मग त्याने खुशाल पत्रे घालावेत. गळलं, तर मुकाट्याने कौलांवर यायचं. धाकटा हो म्हणाला. बत्तीस वर्षांचा बाप्या, पण बाबांपुढे नाही म्हणायची सवयच नाही त्याला.

माझ्या घरावर पत्रे चढायला लागले, चौथ्या दिवशी काम संपत आलं आणि बाबांना राहवेना. सत्तरी उलटलेली, गुडघे कुरकुरतात, तरी हे आपलं शेवटचं छप्पर म्हणत शिडी चढले. स्क्रू मारायचं मशीन बाजूला सारलं आणि स्वयंपाकघरावरची बाजू हातातल्या पान्याने स्वतः पुरी केली. मी खालून घसा फोडून ओरडले. ऐकतील तर ते बाबा कसले!

पाऊस लागून महिना झाला नाही, तोच माझ्या ओट्यावर पाणी टपकायला लागलं. निरोप मिळताच दोघे आले. धाकटा वर गेला आणि अर्ध्या तासाने भिजून, तोंड पाडून खाली आला.

"माझंच चुकलं, बाबा. एका बाजूचे स्क्रू सैल राहिले होते. आवळलेत आता. पण अट ती अट. मी कौलांवर येतो."

मी तोंड उघडलं, तसा त्याने माझ्याकडे डोळे वटारले. "ताई, चहा टाक ना."

"ओट्यावर गळतंय, म्हणजे स्वयंपाकघराची बाजू," बाबा म्हणाले. "तिथले राहिले नाहीत काही. मी मुद्दाम ठेवलेत. एकेकाला अर्ध्या फेऱ्याची मोकळीक दिलीय. छपराला हलायला जागा नको?"

आणि त्यांची नजर ओट्यावरच्या पाण्याकडे गेली.

कौल मोकळं ठेवलं तर वाऱ्याने हलतं, पण तडकत नाही. पत्र्याच्या स्क्रूखाली मात्र रबराची चकती असते, आणि ती दाबून बसली नाही तर पाणी आत येतं. बाबांना हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

"वर गेल्या गेल्या कळलं असेल तुला," ते म्हणाले.

"जाऊ द्या ना, बाबा."

"काय जाऊ द्या? शिकलेलं काम सोडायला निघालास!"

धाकट्याने मान खाली घातली. "तुमचं हे शेवटचं छप्पर होतं. ते गळलं असं कुणी कशाला म्हणावं?"

मला रडू आलं. सांगायला लाज कसली? दोघांचाही राग आला होता आणि दोघांनाही जवळ घ्यावंसं वाटत होतं.

बाबांनी फडकं घेऊन ओट्यावरचं पाणी पुसलं. मग म्हणाले, "पत्र्याचा दोष नाही. हाताचा आहे, आणि हात माझा. उद्यापासून धंदा तू बघ. पण आधी मला दाखव, आवळायचं किती ते."

धाकट्याने पत्र्याचा एक उरलेला तुकडा लाकडाच्या फळीवर ठेवला आणि पाना त्यांच्या हातात दिला. बाबा खाली बसून स्क्रू फिरवू लागले.

"एवढं?"

"अजून थोडं, बाबा."

"आता?"

"अजून. बस, बस. जास्त आवळलं तर चकती फाटते."

बाबांनी वाकून चकती नीट पाहिली, तिच्या कडेवरून बोट फिरवलं. मग स्क्रू काढला आणि पुन्हा पहिल्यापासून बसवायला घेतला.