परागंदा

चहाचा कप पुढ्यात आला आणि देणाऱ्याचा चेहरा पाहून बिभीषण बाकावरून ताडकन उठला. टपरीवाला छगन होता. पाटाच्या पाण्यावरून भांडण होऊन ज्याच्या डोक्यात त्याने फावडं घातलं होतं, तो छगन. मेलेला.

“बस की. भूत न्हाई मी.” छगन हसला. कपाळावरून केसांत शिरलेली जुनी खूण हसताना ताणली गेली. “संगमनेरला टाके घातले, आठवड्यात घरी आलो. तक्रारबी केली न्हाई. चूक माझीबी हुतीच.”

बिभीषण पुन्हा बाकावर टेकला. त्या संध्याकाळी थोरल्या भावाने, आबासाहेबानेच, त्याला टेम्पोत बसवून दिलं होतं. छगन गेला, पोलीस शोधतायत, गावाकडे फिरकू नकोस. तेव्हापासून सुरतेत तो वेगळ्या नावाने राहत होता. दर दिवाळीला दादाचा फोन येई: अजून थांब. आई गेली तेव्हाही तेच. आता तिच्या वर्षश्राद्धाला मात्र तो कुणाला न विचारता एसटीत बसला होता.

“दादाला किती येळा म्हनलं, बोलवून घे त्याला,” छगन सांगत होता. “तर म्हने, त्यो कुठं हाय मलाच ठाव न्हाई. परागंदा झाला.”

शेजारच्या बाकावर रविकांत सर वर्तमानपत्र वाचत होते. या दोघांनाही त्यांनीच शिकवलेलं. शब्द ऐकून सवयीने त्यांनी मान वर केली.

“फारसी शब्द आहे तो. पळून गेलेल्याला आपण म्हणतो, पण मुळात त्यात पळणं नाहीच. परागंदा म्हणजे विखुरलेला.”

“कुनी इखुरलेला, सर?” बिभीषणने विचारलं.

सरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “ते शब्द सांगत नाही, बाळा.”

चहा तसाच ठेवून तो घराकडे निघाला. वाटेत त्याच्या वाट्याचं रान लागलं. मधला बांध काही दिसेना. दादाच्या रानापासून ओढ्यापर्यंत सलग डाळिंबं उभी होती.

आबासाहेब ओसरीवर आला. आधी त्याने रस्त्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

“आरं, असा भर उजेडाचा आलास? कुनी बघितलं न्हाई ना?”

“बघितलं. छगननं. च्या दिला त्यानं.”

आबासाहेब बराच वेळ उपरण्याने मान पुसत राहिला. मग आत तोंड करून त्याने हाक दिली, “आगं, पानी आन. पाव्हनं आल्यात.”

बिभीषणची एक चप्पल पायातून निघाली होती. त्याने ती पुन्हा पायात घातली.