निळं मेण

वाचनालयाच्या राग्नफ्रीदबाईंचं पत्र आयलर्टला हिवाळ्याच्या तोंडावरच आलं होतं: ‘आमच्या रहस्यकथा मंडळात दर महिन्याला याल का?’ आपलं चुकलं तर हसं होईल, या धास्तीनं म्हाताऱ्यानं उत्तरच दिलं नव्हतं. पुस्तक मात्र तो दर वेळी वाचायचा आणि वर्तमानपत्रांच्या कपाटामागे बसून चर्चा ऐकायचा.

ईस्टरच्या बैठकीसाठी बाई पुस्तकाच्या सगळ्या प्रतींमधलं शेवटचं प्रकरण चिकटपट्टीनं बंद करून ठेवत; यंदाही तसंच होतं. आधी खुनी ओळखायचा, मग पट्टी काढायची.

“डॉक्टरच!” मंडळातला ओदवार ओरडला.

“तुला दर वेळी डॉक्टरच दिसतो. दवाखान्यात जाऊन ये एकदा,” सोल्वाय म्हणाली.

न राहवून आयलर्ट कपाटामागून बाहेर आला.

“खुनी पुतण्या! आदल्या रात्रीपासून पाऊस पडतोय, आणि हा म्हणतो, स्कीला निळं मेण लावून डोंगर चढून आलो! बर्फावर पकड देणारं हे निळं मेण कडक थंडीतलं. ओल्या बर्फात पावलागणिक मागे घसरला असता. खोटं बोलतोय!”

एकच गलका झाला. बाईंनी टर्रकन पट्टी ओढली, पान वाचलं. खुनी स्वयंपाकीण निघाली.

आयलर्टचे कान लाल झाले. तो दाराकडे वळला.

“म्हणजे लेखकालाच मेण कळत नाही!” ओदवारनं टेबलावर थाप मारली. “अहो आजोबा, निघालात कुठे? पुढच्या महिन्याचा खुनी कोण पकडणार?”

सगळे हसले. आयलर्टही हसला.

घरी जाताच त्यानं बाईंच्या त्या पत्राला उत्तर लिहिलं: ‘येतो. चुकलो तरी येतो.’ आणि कोटही न घालता धावत जाऊन ते टपालपेटीत टाकलं.